सेफ झोन कशावर उभा राहतो? शांघायच्या एका हाताच्या फादरनी आखलेली रेघ

युद्धाच्या बातम्यांत एक वाक्य हमखास भेटतं: नागरिकांना सेफ झोनमध्ये जाण्याचा आदेश. मग काही दिवसांनी दुसरी बातमी येते, त्याच सेफ झोनवर हल्ला, इतके ठार. वाचणारा चक्रावतो. जागा सुरक्षित होती ना? मग बॉम्ब पडला कसा? आणि पडणारच होता, तर तिला सुरक्षित म्हटलं कुणी?

गोंधळाचं मूळ असं की या एका शब्दाखाली तीन-चार अगदी निराळ्या व्यवस्था खपवल्या जातात. त्यांतली फक्त एकच खरोखर चालते, आणि तीही ठरावीक अटींवर. ती चाललेली बघायची असेल तर १९३७ च्या शांघायमध्ये जावं लागतं. तिथे एका फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूंनी, भर लढाईत, दोन्ही सैन्यांच्या मध्ये, सुमारे अडीच लाख माणसं बसतील असा तुकडा शहरातून बाजूला काढून दाखवला.

आधी डोंगर-पाणी

लहानपणचा खेळ आठवा. राज्य असलेल्यानं 'पाणी' म्हटलं की सखल जमीन त्याची. ओट्यावर, पायरीवर, कट्ट्यावर चढलेल्या गड्याला तो हात लावू शकत नाही. ओट्यात काही जादू नसते, आणि राज्य असलेला सहज वर चढू शकतो. तो चढत नाही, कारण खेळ सुरू होताना त्यानं ते मान्य केलेलं असतं आणि मोडलं तर खेळच संपतो. ओट्यावरचा गडी मात्र वरून पाय लांब करून लाथा मारू लागला, की थोड्याच वेळात कुणी तरी त्याला खाली ओढतं. आणि ही पायरी ओट्यात धरायची की नाही, हे आधी ठरलं नसेल तर अख्खी संध्याकाळ भांडणात जाते.

युद्धातल्या सुरक्षित जागेचं व्याकरण हेच. दोन्ही बाजूंनी मान्य केलेलं असणं, आत बसून कुणी न लढणं, आणि हद्द डोळ्यांना दिसेल अशी असणं. आंतरराष्ट्रीय कायद्यात अशा जागेला 'तटस्थ क्षेत्र' म्हणतात. पुढे हा शब्द आला की त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा: लढणाऱ्या दोन्ही पक्षांनी, न लढणाऱ्यांसाठी, करारानं बाजूला काढलेली जागा.

१९३७, शांघाय

१३ ऑगस्ट १९३७ ला शांघायमध्ये चीन आणि जपान यांची लढाई पेटली. शहराची रचना विचित्र होती. मधोमध आंतरराष्ट्रीय वसाहत आणि फ्रेंच वसाहत, म्हणजे परकीयांच्या ताब्यातले भाग. त्यांचा या युद्धाशी संबंध नव्हता, म्हणून ते बरेचसे वाचले. त्यांच्या भोवती चिनी शहर, आणि लढाई तिथे. लोकांचे लोंढे वसाहतींकडे धावले. काही दिवसांत रस्ते, देवळं, शाळा, नाट्यगृहं भरली, आणि वसाहतींनी लोखंडी फाटकं बंद केली. फाटकाच्या एका बाजूला ट्राम चालू, दुसऱ्या बाजूला गजांना धरून उभी असलेली माणसं.

फादर रॉबेर जाकिनो द बेसांज हे येशूसंघाचे, म्हणजे जेज्विट. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज ज्या संघाचं, तोच संघ. जन्म १८७८, फ्रान्समधल्या सेंत गावचा. १९१३ पासून ते शांघायमध्ये होते. अरोरा विद्यापीठात शिकवत, आणि एका स्फोटात उजवा हात गेलेला. त्यांनी केलेलं काम 'एकहाती' होतं असं म्हणण्याचा मोह होतो. शब्दशः ते खरंही आहे, पण कामामागे परदेशी रहिवाशांची एक समिती होती, आणि समिती नसती तर काहीच झालं नसतं.

१९३२ मध्ये जपानी सैन्यानं शांघायच्या झाबेई भागावर हल्ला केला, तेव्हा याच फादरांनी दोन्ही बाजूंकडून चार तासांचा युद्धविराम मिळवून अडकलेले नागरिक आणि जखमी बाहेर काढले होते. त्यामुळे १९३७ मध्ये ते जपानी आणि चिनी अधिकाऱ्यांकडे गेले, तेव्हा दोघांनाही माहीत होतं की हा माणूस मागच्या वेळी दिलेल्या शब्दाबाहेर गेला नव्हता. मध्यस्थाचं सगळं भांडवल एवढंच असतं.

त्यांनी निवडलेली जागा म्हणजे नानशी, फ्रेंच वसाहतीला लागून असलेलं जुनं चिनी शहर. सगळं नाही, उत्तरेकडचा साधारण तिसरा हिस्सा. ही निवड नीट बघण्यासारखी आहे. जुन्या शहराचा तट पाडून तिथे गोल रस्ता केला होता, तो तीन बाजूंनी हद्द झाला. दक्षिणेला फांगबांग रस्ता ही चौथी हद्द. म्हणजे नकाशा न बघताही शिपायाला कळेल: रस्ता ओलांडला की क्षेत्र. शिवाय उत्तरेकडची बाजू फ्रेंच वसाहतीला टेकलेली, त्यामुळे अन्न आणि औषधं लढाईच्या रेषेतून आणावी लागत नव्हती. आणि या भागाला लष्करी किंमत जवळपास नव्हती. किल्ला नाही, कारखाना नाही. गल्ल्या, देऊळ, बाजार आणि यू बाग. ९ नोव्हेंबर १९३७ ला क्षेत्र सुरू झालं. पुढच्या तीन दिवसांत जपानी फौजांनी त्याच नानशीचा दक्षिण भाग तोफांनी आणि विमानांनी झोडपला. तिथे आग लागलेली असताना फांगबांग रस्त्याच्या अलीकडे माणसं उभी होती.

एकमेकांशी न बोलणाऱ्यांचा करार

दोन शत्रू एका टेबलावर येत नव्हते. जपाननं हे 'युद्ध' आहे असं जाहीरही केलेलं नव्हतं. मग सही कोण कुणासोबत करणार?

गावाकडे बांधावरून भांडलेले दोन भाऊबंद पाहिलेत? वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण विहिरीवरची मोटार कुणी कधी चालवायची हे ठरवायची वेळ आली, की दोघंही तिसऱ्याला, एखाद्या जुन्या मास्तरांना, वेगवेगळा शब्द देतात. तो मोडला तर शरम मास्तरांपुढे वाटते, भावापुढे नाही. जाकिनोंनी नेमकं हेच केलं. चिनी महापौरांनी समितीला कळवलं की या भागात सैन्य, शस्त्रं, मोर्चे ठेवणार नाही, नागरी पोलीस तेवढे राहतील. जपान्यांनी समितीला कळवलं की असं असेल तोवर आम्ही इथे हल्ला करणार नाही. दोन स्वतंत्र आश्वासनं, मध्ये तिसरा.

शब्दांवरूनही घोळ होता. 'तटस्थ' म्हटलं तर आपल्याच शहराच्या तुकड्यावरचा हक्क सोडल्यासारखं होईल, ही चीनची हरकत होती. म्हणून क्षेत्राचं वर्णन न लढणाऱ्यांच्या आश्रयाची जागा असंच ठेवलं गेलं. मालकी कुणाची, हा प्रश्न जाणूनबुजून मोकळा सोडला. वाटाघाटीत काही प्रश्न सोडवायचे नसतात, बाजूला ठेवायचे असतात. भावकीतल्या पंचांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

दोघं कबूल का झाले? दया आली म्हणून, असं उत्तर पुरेसं नाही. जपानला फ्रेंच वसाहतीत तोफगोळा पडून फ्रान्सशी नवं लचांड नको होतं, आणि वसाहतीच्या गच्च्यांवरून जगभरचे बातमीदार दुर्बिणी लावून बसले होते. चीनला हरत असलेल्या शहरातली आपली माणसं वाचवायची होती. वसाहतींना लोंढा फाटकाबाहेर, पण जिवंत हवा होता. प्रत्येकाचा स्वार्थ त्या रेघेपाशी येऊन मिळत होता. जाकिनोंची हुशारी ती जागा शोधण्यात होती.

आतला हिशेब

पुढचं काम असं असतं की त्यापुढे हद्द आखणं सोपं म्हणावं. आजचे मदतकार्यातले किमान निकष घेऊन हिशेब मांडू, म्हणजे अडीच लाख माणसं म्हणजे काय ते कळेल.

पाणी: माणशी दिवसाला १५ लिटर, त्यात पिणं, स्वयंपाक, धुणं-अंघोळ सगळं आलं. अडीच लाखांना साडेसदतीस लाख लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येतो तो टँकर १० हजार लिटरचा धरला, तर रोज ३७५ टँकर. धान्य: माणशी ४०० ग्रॅम धरलं तर रोज १०० टन, म्हणजे १० टनी दहा ट्रक, डाळ, तेल, मीठ, सरपण वेगळं. संडास: २० माणसांमागे एक, म्हणजे साडेबारा हजार. झोपायला डोक्यावर छप्पर असलेली जागा माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे एक चटई आणि तिच्या बाजूला गाठोडं.

शांघायमध्ये यातलं बरंच अर्थातच पुरं पडलं नाही. पण घडी बसण्याचं कारण असं की सगळं नव्यानं उभारावं लागलं नाही. गल्ल्या, घरं, देवळं होतीच. चिनी शहरांत एकेका प्रांतातून आलेल्या लोकांच्या मंडळ्या असत, जशी मुंबईत गावकऱ्यांची मंडळं आणि गाळे असत, त्यांनी आपापली माणसं सांभाळली. पैसा लागतच राहिला. १९३८ मध्ये जाकिनो अमेरिका आणि कॅनडात निधीसाठी फिरले.

बिघडतं ते बहुधा इथेच. क्षेत्रावर हल्ला होत नाही, पण तांदूळ येणं थांबतं. पाण्याचा स्रोत बाहेर असतो आणि तो बंद करणारा हातही बाहेरच असतो. किंवा गर्दीत पटकी, गोवर पसरतो. म्हणून क्षेत्राचा करार करताना सीमेपेक्षा जास्त वेळ रसदीच्या रस्त्यावर द्यावा लागतो: कोणतं फाटक, किती वाजता, कुणाच्या गाड्या, तपासणार कोण.

तोच नकाशा, एक होकार कमी

शांघायचं बघून नानजिंगमध्ये, म्हणजे चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, राहिलेल्या वीसेक परदेशी लोकांनी तसंच क्षेत्र काढलं. अध्यक्ष जॉन राबे, सीमेन्स कंपनीचे जर्मन व्यवस्थापक आणि नाझी पक्षाचे सभासद. जागा सुमारे चार चौरस किलोमीटर. हद्दीवर पांढऱ्या कापडावर लाल वर्तुळात लाल क्रॉस असलेले झेंडे लावले. जपानशी निरोपांची ने-आण शांघायहून जाकिनोंमार्फतच झाली.

फरक जपानच्या उत्तरात होता. क्षेत्राला मान्यता नाही. तिथे चिनी सैन्य नसेल तर लष्करी गरजेत बसेल तेवढा मान राखू. 'गरजेत बसेल तेवढा' या तीन शब्दांत सगळं निसटलं. दुसऱ्या बाजूनंही अट पाळली गेली नाही. चिनी सैन्याच्या तोफा आणि खंदक क्षेत्राच्या काही भागात शेवटपर्यंत होते. देऊ केलेल्या तांदळाचा मोठा हिस्सा गाड्या न मिळाल्यानं आत पोचलाच नाही.

१३ डिसेंबरला शहर पडलं. पळायला वाट न उरलेले हजारो चिनी सैनिक गणवेश फेकून क्षेत्रात शिरले. समितीनं त्यांची शस्त्रं काढून घेतली आणि तुम्हाला युद्धकैदी म्हणून वागवतील असं सांगितलं. जपानी सैनिक आत आले आणि पुरुषांना रांगेत उभं करून तळहात बघू लागले. बंदुकीचे घट्टे आहेत का? कपाळावर टोपीचा वळ आहे का? हमाल, रिक्षावाले, सुतार यांच्या हातांनाही घट्टे असतात. अशा शेकडो माणसांना सैनिकांसोबत बाहेर नेऊन मारलं. बायकांवर अत्याचार झाले ते क्षेत्राच्या आतही.

तरीही दोन लाखांच्या वर माणसं त्या चार चौरस किलोमीटरमध्ये राहिली आणि त्यांतली बहुतेक जगली. शहरात इतरत्र जे झालं त्याच्या तुलनेत ते खूप आहे. राबेंच्या एकट्यांच्या बागेत सहाशेवर लोक होते. अर्धवट मान्यता अर्धवट वाचवते, असं फार तर म्हणता येईल.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. शांघायच्या क्षेत्राला जपानी सेनापती इवाने मात्सुई यांनी १० हजार येनची देणगी दिली होती. नानजिंग घेणारं सैन्य त्यांच्याच हाताखालचं. ते अत्याचार रोखले नाहीत म्हणून २३ डिसेंबर १९४८ ला त्यांना फाशी झाली. तोच माणूस, दोन शहरं, मध्ये पाच-सहा आठवडे.

कायद्यात हे कुठे बसलं

१२ ऑगस्ट १९४९ ला जिनिव्हात झालेल्या चार करारांपैकी चौथा नागरिकांबद्दल आहे. त्याचं १५ वं कलम म्हणजे तटस्थ क्षेत्र, आणि त्यामागच्या उदाहरणांत जाकिनोंच्या क्षेत्राचं नाव येतं. कलम लहान आहे. आत कोण? जखमी आणि आजारी, मग ते सैनिक असोत की नागरिक, आणि लढाईत भाग न घेणारे, आत असताना कोणतंही लष्करी काम न करणारे नागरिक. करार लेखी, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा. त्यात जागा नेमकी कुठली, कारभार कुणाचा, अन्नपुरवठा कसा, देखरेख कुणाची, सुरुवात कधी आणि मुदत किती हे ठरलेलं हवं.

१४ वं कलम त्याचं चुलत भावंड: इस्पितळ-क्षेत्रं, लढाईपासून लांब, आधीपासून ठरवून ठेवायची. त्यात जखमी-आजाऱ्यांबरोबर म्हातारी माणसं, १५ वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, ७ वर्षांखालच्या मुलांच्या आया. या क्षेत्रांसाठी करारासोबत एक नमुनाही जोडला आहे, आणि व्यवहाराची समज त्या नमुन्यात जास्त दिसते. क्षेत्र लहान असावं. तिथून जाणारे रस्ते, रेल्वे यांवरून सैन्य किंवा दारूगोळा नुसता पुढे जाण्यासाठीसुद्धा नेऊ नये. क्षेत्राचं संरक्षण शस्त्रांनी करू नये. हद्दीवर पांढऱ्यावर तिरके लाल पट्टे असावेत. अट मोडल्याचं तपासणाऱ्यांना दिसलं तर सुधारायला पाच दिवस द्यावेत. नियम मोडल्याबरोबर तोफ डागायची मुभा नाही, हे त्या पाच दिवसांचं मोल.

भारतानं हे चार करार १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यासाठी कायदा केला. आपल्या जवळचं उदाहरणही आहे. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्यात आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसनं हॉटेल इंटरकॉन्टिनेंटल तटस्थ क्षेत्र ठरवलं. १४ डिसेंबरला भारतीय मिग विमानांनी गव्हर्नर हाउसवर हल्ला केला. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा लिहिला आणि सहकाऱ्यांसह ते हॉटेलात आले. क्रम बघा: आधी राजीनामा, मग दार. लढणाऱ्या सरकारचा पदाधिकारी म्हणून आत जागा नव्हती, बिनपदाचा नागरिक म्हणून होती. दोन दिवसांनी ढाका पडलं, हॉटेल शाबूत राहिलं.

आणि उलट उदाहरण. एप्रिल १९७५ मध्ये कंबोडियात नॉम पेन्ह शहरातलं हॉटेल 'ल नॉम' रेड क्रॉसनं असंच जाहीर केलं. शहराला वेढा घातलेल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांचा होकार नव्हता. १७ एप्रिलला ते शहरात आले आणि त्याच दिवशी हॉटेल रिकामं करायला लावलं.

मग बातम्यांतला सेफ झोन कोणता?

बहुतेक वेळा तो एका बाजूनं जाहीर केलेला असतो. 'तुम्ही तिकडे जा, आम्ही इकडे लढतो.' यात तिसऱ्याला दिलेला शब्द नाही, दुसऱ्या पक्षाचा होकार नाही, आणि आत कोण शिरलं हे बघणारंही कुणी नाही. हा हल्ल्याआधीचा इशारा म्हणता येईल, आणि शक्य असेल तिथे इशारा देणं कायद्यानं आवश्यकही असतं. पण त्याला तटस्थ क्षेत्र म्हणणं चूक आहे.

श्रीलंकेत २००९ मध्ये सरकारनं एकामागून एक 'नो फायर झोन' जाहीर केले, प्रत्येक आधीच्यापेक्षा समुद्राकडे सरकलेला. तमिळ वाघ त्यातच होते, तिथून मारा करत होते आणि लोकांना बाहेर पडू देत नव्हते; सैन्याच्या तोफा तिथेच पडत होत्या. कोंडलेल्यांची दोन्हीकडून पंचाईत. गाझात इस्रायलनं अल-मवासी हा किनारपट्टीचा भाग 'मानवतावादी क्षेत्र' म्हणून स्वतःच जाहीर केला. १३ जुलै २०२४ ला तिथे हल्ला झाला. लक्ष्य हमासचा लष्करप्रमुख मोहम्मद देईफ होता, असं इस्रायलनं सांगितलं; किमान ९० माणसं मेली, असं गाझाच्या आरोग्य मंत्रालयानं. संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थांनी नोव्हेंबर २०२३ मध्येच सांगून ठेवलं होतं की सर्व पक्षांच्या संमतीशिवाय काढलेल्या कोणत्याही सेफ झोनमध्ये आम्ही सहभागी होणार नाही. तेव्हा काहींना हा अडेलतट्टूपणा वाटला. पण आपला झेंडा लावून लोकांना बोलवायचं आणि झेंड्याला कुणीच बांधील नाही, हे त्यांना परवडणारं नव्हतं.

आत न गेलेल्यांना मारायची परवानगी मिळते का?

नाही. हा सगळ्यात घातक गैरसमज आहे. नागरिकाला हल्ल्यापासून असलेलं संरक्षण तो नागरिक आहे म्हणून असतं, तो कुठे उभा आहे यावर नाही. अंथरुणाला खिळलेली आजी, गुरं सोडून न जाणारा शेतकरी, ज्याला निरोपच मिळाला नाही तो, हे सगळे बाहेर राहूनही नागरिकच. 'सांगितलं होतं, गेले नाहीत' हा बचाव होत नाही.

सैन्य ठेवून क्षेत्र राखलं तर?

बोस्नियात हे करून बघितलं. १६ एप्रिल १९९३ ला सुरक्षा परिषदेनं स्रेब्रेनित्सा 'सुरक्षित भाग' ठरवला, पुढच्या महिन्यात आणखी पाच शहरं. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या सेनाधिकाऱ्यांनी या कामाला ३४ हजार सैनिक लागतील असं सांगितलं. मंजूर झाला तो ७ हजार ६०० चा 'हलका पर्याय'. आत बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, सैनिक शस्त्रांसह होतेच. म्हणजे लढणाऱ्यांचा करार नाही, शस्त्रमुक्तीही पुरी नाही, आणि राखायला हलकी शस्त्रं असलेले काही शे डच सैनिक. ११ जुलै १९९५ ला सर्ब फौजा शहरात शिरल्या आणि नंतरच्या काही दिवसांत ८ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले.

बळावर राखायचं तर पुरेसं बळ हवं, संमतीवर राखायचं तर खरी संमती हवी. दोन्हींची अर्धी-अर्धी मिसळ केली की लोक तिथे विश्वासानं गोळा होतात, एवढंच घडतं.

आणि छळच करायचा असेल तर?

स्रेब्रेनित्सात आणखी एक गोष्ट होती, जी शांघायच्या नानशीत नव्हती. जपानी तोफांना शहर हवं होतं, माणसं त्यांच्या वाटेत आली होती. ज्याला माणसंच हवी आहेत, त्याच्यासमोर झेंडा लावून माणसं एकत्र बसवणं म्हणजे त्याचं काम सोपं करणं. हिटलरच्या युरोपात ज्यूंसाठी उघडं क्षेत्र काढता येणार नव्हतं, ते यामुळेच. तिथे धर्मगुरूंची रीत अगदी उलटी झाली: कुणाला काही दिसता कामा नये.

फ्रान्सचे, कॅपुचिन या कॅथलिक संघाचे साधू फादर मारी-बेनुआ यांचं मार्सेय शहरातलं काम बघा. डिसेंबर १९४२ पासून ज्यूंच्या ओळखपत्रावर आणि रेशनकार्डावर तसा शिक्का मारणं सक्तीचं झालं. आपल्याकडे रेशनकार्डाशिवाय काय अडतं ते सांगायला नको. तिथे पावच मिळत नव्हता. म्हणजे माणूस माळ्यावर लपवला तरी त्याच्या नावाचा पाव येत नाही, आणि घरात चार माणसांच्या कार्डावर सहा जण जेवले की बेकरीवाल्याला कळतं. म्हणून लपवण्याचं पहिलं साधन भिंत नसून कागद. मठाच्या तळघरात छपाईयंत्र होतं. तिथून बाप्तिस्म्याचे दाखले आणि ओळखपत्रं निघत, आणि वाटाड्यांबरोबर माणसं स्पेन किंवा स्वित्झर्लंडच्या सरहद्दीकडे जात. खोट्या कागदावर जन्मगाव असं घालायची रीत होती की तिथलं नोंदणी कार्यालय बॉम्बनं जळालं आहे किंवा समुद्रापलीकडे आहे, म्हणजे पडताळा घेता येऊ नये. फसायचं ते लहान गोष्टीत: मुलानं हाकेला जुन्या नावानं ओ दिली की संपलं.

पुढे, तेव्हा इटलीच्या ताब्यात असलेल्या नीस शहरातल्या आंजेलो दोनाती या ज्यू बँकरांसोबत त्यांनी सुमारे ३० हजार ज्यूंना चार जहाजांतून उत्तर आफ्रिकेत नेण्याचा बेत आखला. १६ जुलै १९४३ ला ते त्यासाठी पोपना भेटले. पण इटलीच्या शरणागतीची घोषणा ठरल्यापेक्षा आधी, ८ सप्टेंबरलाच झाली. जर्मन नीसमध्ये आले, जहाजं निघालीच नाहीत. फादर रोममधून तेच कागदांचं काम करत राहिले. इस्रायलनं १९६६ मध्ये त्यांचा गौरव केला.

जाकिनो आणि मारी-बेनुआ यांची अदलाबदल केली असती तर दोघंही अपयशी ठरले असते, असं माझं मत आहे. एकाचं काम सगळ्यांना दिसावं यावर चालत होतं, दुसऱ्याचं कुणालाच दिसू नये यावर.

शत्रूकडून देणगी घेणं ही हातमिळवणी नाही का?

हा आरोप प्रत्येक मध्यस्थावर येतो आणि तो पूर्ण खोटा नसतो. शांघाय पडल्यावर क्षेत्राभोवती जपानी सत्ता होती. जाकिनोंना रोज त्यांच्याशीच बोलावं लागे, आणि लोकांना नीट खाऊ घालून शांत ठेवणं हे जपानच्याही सोयीचं होतं. पण आतली माणसं तोवर भाताची वाट बघत असतात. तपासायचं ते एवढंच: मध्यस्थ आतल्यांची यादी कुणाला देतो का, आणि बाहेर पडणाऱ्याला अडवतो का.

बंद कधी करायचं?

१५ व्या कलमात मुदतीचा शब्द आहे, तो दुर्लक्षित राहतो. क्षेत्र काढलं जातं काही आठवड्यांसाठी. लढाई सरकते, पण परतायला घर उरलेलं नसतं. नानशीतली लढाई १२ नोव्हेंबरला संपली. क्षेत्र जून १९४० पर्यंत चालू राहिलं. अडीच वर्षं. पहिल्या आठवड्यातला प्रश्न बॉम्बचा होता, तो केव्हाच मिटला. नंतरचे भाताचे, कामाचे, मुलांच्या शाळेचे होते. करारात त्यांच्याबद्दल ओळ नव्हती.

त्याच जूनमध्ये जाकिनो शांघाय सोडून गेले. युद्ध संपल्यावर व्हॅटिकनच्या मदतकार्यासाठी ते बर्लिनला पोचले आणि सप्टेंबर १९४६ मध्ये तिथेच वारले. १५ व्या कलमावर सह्या व्हायला अजून तीन वर्षं होती. शांघायला जाणारे पर्यटक आज यू बागेजवळच्या बाजारात फिरून फांगबांग रस्त्यावर बाहेर पडतात. हद्द तीच होती.